आता रेंजचाही पंचनामा करा

पाऊस कमी पडला तर आणेवारी काढली जाते. गारपीट झाली तर पंचनामा होतो. कालव्याचे पाणी टेलला पोचले नाही तर शेतकरी पाटबंधारे खात्याच्या दारात जाऊन बसतो आणि शाखा अभियंत्याला उत्तर द्यावे लागते. परंतु गावात मोबाईलची रेंज पोचली नाही, तर त्याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर होत नाही. नोंद होते ती एवढीच, की अमुक गटाची पीक पाहणी झालेली नाही, अमुक खातेदाराची ई-केवायसी बाकी आहे. म्हणजे टॉवर नाही कंपनीचा, वायर तुटलेली सरकारी योजनेची, आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या नावावर! हा हिशोब कुठेतरी चुकतो आहे, आणि तो गावानेच दुरुस्त करून घ्यायची वेळ आली आहे.

मोबाईल ही एके काळी चैनीची वस्तू होती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाईल संभाषण केले. त्या काळी बोलणाऱ्यालाही पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही. ऐकणाऱ्याचे पैसे २००३ साली बंद झाले. पुढे थ्री-जी आले, २०१२ साली कोलकात्यात फोर-जी सुरू झाले, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि स्वस्त नेट वाडीवस्तीवर गेले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाईव्ह-जीचे उद्घाटन झाले. ही प्रगती खरीच आहे आणि तिचे कौतुकही केले पाहिजे. आज बाजारभाव, हवामानाचा अंदाज, रोगाचा फोटो पाठवून सल्ला, हे सगळे शेताच्या बांधावर बसून होते. पूर्वी माझ्यासारख्याला एक कीड ओळखायला सायकल-मोटारसायकलवर वीस किलोमीटर जावे लागे. आता दादा फोटो टाकतात आणि मी संध्याकाळपर्यंत औषध सांगतो.

पण या प्रगतीबरोबर आणखी एक गोष्ट घडली. मोबाईल सोयीचा होता तो सक्तीचा झाला. पीएम किसानच्या हप्त्याला ई-केवायसी, महाडीबीटीवर अर्ज, रेशनला ई-पॉस मशीन, ई-पीक पाहणी, २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर मोबाईल ॲपनेच घ्यायचे ठरले. प्रत्येक योजनेच्या दारावर एकच कुलूप आणि त्याची किल्ली म्हणजे रेंज. ज्या गावात ती किल्ली नाही तिथल्या माणसाने काय करायचे?

दोष कोणाच्या नावावर?

हा प्रश्न नुसता गैरसोयीचा नाही, पैशाचा आहे. राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करावी, हा तिचा हेतू उत्तम आहे. पूर्वी सातबाऱ्याच्या बारा नंबरवर शेतात कधी नसलेली पिके दिसायची, ती तक्रार यामुळे कमी झाली. शेतात पाहणी करून माहिती नंतर रेंजमध्ये येऊन पाठवण्याची सोयही ॲपमध्ये दिली, हेही शहाणपणाचेच. परंतु आधीची नोंदणी आणि शेवटची पाठवणी या दोन्हींना नेट लागतेच. आणि नोंद राहिली की काय होते, ते २०२४ साली सर्वांनी पाहिले.

२०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केले. सुरुवातीला अट होती ती ई-पीक पाहणीत नोंद असण्याची. ज्यांची नोंद नव्हती ते याद्यांतून बाहेर राहिले. गावोगाव ओरड झाली, तेव्हा सातबाऱ्यावर पिकाची नोंद असेल तरी चालेल, असा मार्ग काढण्यात आला. शासनाने ऐकले हे बरे झाले. परंतु ओरड झाल्यावर अट ढिली करावी लागते, याचाच अर्थ असा की मुळात ती अट सर्वांना पाळता येण्यासारखी नव्हती. दोन हेक्टरवाल्याचे दहा हजार रुपये म्हणजे रब्बीच्या बियाण्या-खताची निम्मी सोय. ती रक्कम रेंजच्या एका कांडीवर अडकावी, हे बरोबर नाही.

पीक विम्याचेही तसेच. अनेक हंगाम नियम असा होता की स्थानिक आपत्तीने नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवा. आता ज्या वादळाने पीक झोपवले, त्याच वादळाने वीज जाते. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास चालते, जनरेटरला डिझेल असले तर आणखी थोडी, आणि मग टॉवरही झोपतो. म्हणजे ज्या दिवशी कळवायची गरज सर्वांत जास्त, नेमके त्याच दिवशी कळवायचे साधन बंद. एका गावात एक आप्पा मला म्हणाले, "साहेब, पीक आडवं झालं, खांब आडवा झाला, टावर आडवा झाला, आता कंपनी म्हणती फोन उभा करा!" हसण्यावारी नेले तरी त्यात खोटे काही नाही.

बिनतारीलाही तार लागते

तक्रार करायची तर आधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोबाईलला आपण बिनतारी म्हणतो, पण बिनतारी असतो तो फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे हातातला फोन ते टॉवर. तिथून पुढे सगळा प्रवास बहुतेक जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून होतो. जिथे फायबर नाही तिथे टॉवरवर बसवलेल्या गोल पांढऱ्या तबकडीतून दुसऱ्या टॉवरकडे संदेश जातो.

कालव्याचे उदाहरण घ्या. फायबर हा मुख्य कालवा. टॉवर ही वितरिका. घरातले किंवा ग्रामपंचायतीतले वाय-फाय ही शेतचारी. कालव्याला पाणी नसेल तर चारी कितीही साफ ठेवली तरी उपयोग नाही. म्हणूनच कित्येकदा फोनवर रेंजच्या चारही कांड्या दिसतात आणि नेट मात्र फिरत राहते. कांड्या सांगतात की टॉवर जवळ आहे. टॉवरच्या मागे पाणी आहे का, ते कांड्या सांगत नाहीत. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली की अख्ख्या पट्ट्याचे नेट जाते, आणि आपण मोबाईल बंद-चालू करीत बसतो.

दुसरी गोष्ट पाळीची. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती त्याच्या हद्दीतल्या सर्वांत वाटली जाते. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत सारा गाव व्हिडिओ बघत असतो, त्या वेळी फॉर्म भरायला बसलो तर टेलच्या शेतकऱ्यासारखी गत होते. पहाटे किंवा दुपारच्या वेळी तोच फॉर्म पाच मिनिटांत जातो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तर टॉवरही तुंबतो आणि तिकडचा सर्व्हरही. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नये, हे आम्ही सांगतो ते उगीच नाही.

ढोल ऐकू येतो, झांज नाही

गणपतीत पलीकडच्या गावाची मिरवणूक चालू असली की आपल्याला काय ऐकू येते? ढोलाचा दणका येतो, झांजेचा आवाज येत नाही. जाड आवाज लांब जातो, आडोशाला वळसाही घालतो. बारीक आवाज जवळच विरतो. रेडिओ लहरींचेही जवळजवळ तसेच आहे. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून थोड्याफार आत शिरतात. १८००, २१००, २३०० च्या लहरी त्याहून कमी अंतर जातात. फाईव्ह-जीसाठी मुख्यतः वापरलेला ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा माल भरपूर वाहून नेतो, पण त्याची धाव कमी. शहरात जवळजवळ टॉवर असतात, तिथे तो शोभतो. डोंगराळ तालुक्यात कामाचा ढोलच.

गंमत अशी की या ढोलाच्या पट्ट्याला आपल्या देशात बराच काळ गिऱ्हाईक नव्हते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ च्या लिलावात विकला गेला नाही, २०२१ च्या लिलावातही नाही. किंमत कंपन्यांना परवडेना. २०२२ च्या लिलावात तो पहिल्यांदा गेला, तो जिओने घेतला. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने बीएसएनएललाही हा पट्टा देण्याचे ठरवले. आणखी एक निर्णय आपल्या कामाचा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे उद्घाटनही झाले. तेव्हा आपले गाव त्या यादीत होते काय, असल्यास टॉवर उभा राहिला काय, आणि उभा राहिला तर चालू आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक सरपंचाने लेखी विचारलेच पाहिजेत.

शेतातल्या शेतातही रेंज बदलते, हे लक्षात घ्यावे. उभा ऊस, दाट आमराई, ओली पाने लहरी शोषून घेतात. म्हणून उन्हाळ्यात जिथे फोन लागत होता तिथे भाद्रपदात लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तर लहर शिरतच नाही. दोन पावले बाहेर आले की कांडी वाढते. खोलगट ओढ्याकाठच्या वावरापेक्षा माळावर रेंज चांगली मिळते, हे गुराख्यांना आपल्याआधी कळलेले आहे.

मोबाईल स्टार्टरचे दुखणे

विहिरीवर किंवा नदीकाठी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलेले शेतकरी आता गावोगाव आहेत. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला जायचे वाचले, हा या बिनतारी तंत्राचा आजवरचा सर्वांत मोठा उपकार म्हटला पाहिजे. परंतु तक्रारी येतात, त्यातली नेहमीची अशी: "स्टार्टरात नवीन सिम टाकलं, फोन लागंना."

कारण साधे आहे. बाजारातले बरेच जुने स्टार्टर टू-जी तंत्रावर चालतात. जिओचे जाळे मुळापासून फोर-जीचे, त्यात टू-जी नाहीच. त्यामुळे जिओचे सिम अशा स्टार्टरात चालत नाही, त्यात सिमचाही दोष नाही आणि मेकॅनिकचाही. ज्या कंपनीचे टू-जी आपल्या विहिरीवर लागते, तिचेच सिम घालावे. एअरटेलने आपले थ्री-जी २०२० पर्यंत बंद केले, तसे पुढेमागे टू-जीचेही होऊ शकते. तेव्हा नवा स्टार्टर घेताना फोर-जीवर चालणारा आहे का, असे विचारूनच घ्यावा; दुकानदार सांगेल तो घेऊ नये. स्टार्टरची पेटी लोखंडी असेल तर अँटेना पेटीच्या बाहेर काढून उंचावर बांधावी. आणि सिमचे रिचार्ज संपू देऊ नये. मोटार जळाली म्हणून धावाधाव होते, तपासल्यावर कळते की रिचार्ज गेल्या अमावस्येलाच संपले होते!

टॉवरचे भय आणि टॉवरचे आमिष

काही गावांत उलटा प्रकार दिसतो. कंपनी टॉवर उभारायला तयार, पण गावच विरोध करते. टॉवरमुळे आजार होतात, चिमण्या मरतात, अशी भीती पसरते. भीती वाटणे स्वाभाविक आहे, तिची टिंगल करू नये. पण माहिती घेऊन बोलावे. आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांश एवढी कडक ठेवली आहे. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या परिसरातल्या टॉवरची माहिती पाहता येते आणि शंका असल्यास फी भरून मोजणीही मागता येते. शिवाय टॉवर लांब असला की हातातल्या फोनला जास्त जोर लावून बोलावे लागते, त्यामुळे बॅटरीही लवकर उतरते. ग्रामसभेत ठराव करताना या गोष्टी समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

आमिषाबाबत मात्र सावध राहा. "तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना इतके हजार भाडे, वर आगाऊ रक्कम, फक्त नोंदणीचे पैसे आधी भरा," असे फोन आणि पत्रे येतात. त्यावर सरकारी वाटणारा शिक्काही असतो. कोणतीही खरी कंपनी टॉवरसाठी शेतकऱ्याकडून पैसे मागत नाही, आणि ट्राय किंवा दूरसंचार विभाग असे कोणतेही ना-हरकत पत्र देत नाही. पैसे मागितले की फसवणूक समजावी आणि पोलीस ठाणे गाठावे.

ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातली पेटी

अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर एक पेटी लटकलेली दिसते. कुठे तिच्यावर दिवे लुकलुकतात, कुठे कोळ्याची जाळी झाली आहे. ही पेटी म्हणजे गावाच्या दारापर्यंत आलेला मुख्य कालवा. देशातल्या सर्व ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तिचेच नाव पुढे भारतनेट पडले. आपल्या राज्यात महानेट या नावाने तिचा भाग राबवला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. एवढा पैसा ओतल्यावर गावाने निदान पेटी चालू आहे की बंद, एवढे तरी बघायला नको का?

जिथे ती चालू आहे तिथे ग्रामपंचायतीने चावडीवर सार्वजनिक वाय-फाय करावे. वाय-फायची धाव फार नसते, उघड्यावर पन्नास-शंभर पावले धरा. २.४ गिगाहर्ट्झचे जरा लांब जाते, ५ गिगाहर्ट्झचे वेगवान पण भिंतीला अडते. तरीही पारावर बसून फॉर्म भरायला, केवायसी करायला ते पुरेसे आहे. दुसरा फायदा असा की बऱ्याच फोनवर वाय-फाय कॉलिंगची सोय असते. ती चालू केली आणि आपल्या कंपनीची सेवा असली, तर टॉवरची रेंज नसतानाही वाय-फायवरून नेहमीच्याच नंबराने फोन लागतो. आजारी माणसासाठी गाडी बोलावायची झाली तर ही एवढी सोयही जीव वाचवू शकते.

पीएम-वाणी ही योजनाही गावाने अभ्यासावी. डिसेंबर २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली. पूर्वी जसे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ होते, तसे वाय-फायचे केंद्र किराणा दुकानदार, दूध संस्था, बचत गट यांपैकी कोणालाही उघडता येते. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क नाही. अडचण होती ती अशी की कंपन्या अशा केंद्राला जोडणीचे अवाच्या सवा दर लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवून दिले, की घरगुती फायबर जोडणीच्या दुपटीपेक्षा जास्त दर अशा केंद्राला लावता येणार नाही. तेव्हा सुशिक्षित बेकार पोरांनी आणि महिला बचत गटांनी याचा विचार जरूर करावा. मात्र फायबर गावात आली असेल तरच याला अर्थ आहे.

आणि जिथे टॉवरही नाही, फायबरही नाही, अशा दऱ्याखोऱ्यांचे काय? उपग्रहावरून थेट नेट देण्याची चर्चा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्रावर सह्याही केल्या. चांगली गोष्ट आहे. पण आकाशातले पाणी शेतात पडेपर्यंत त्यावर पेरणी करू नये, हा शेतकऱ्याचा जुना नियम इथेही लागू.

शेतकऱ्याने स्वतः काय करावे

१) फोनमधला जीपीएस उपग्रहावरून चालतो, टॉवरवरून नाही. रेंज नसली तरी शेतात जागा घेता येते. फक्त मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटे जास्त थांबावे लागते. तेव्हा रेंज नाही म्हणून पीक पाहणी सोडून परत येऊ नका.

२) ॲपची नोंदणी आणि नवी आवृत्ती उतरवून घेणे ही कामे गावात, चांगल्या रेंजमध्ये आधीच उरकावीत. शेतात फक्त फोटो व माहिती भरावी. परत आल्यावर माहिती गेली की नाही ते पाहावे आणि गेल्याच्या खुणेचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

३) ओटीपी येतो तो साध्या एसएमएसने, त्याला थोडी रेंज पुरते. पान उघडायला मात्र नेट लागते. ओटीपी आला आणि पान उघडत नसेल तर अडचण नेटची आहे. वारंवार ओटीपी मागवत बसू नका. आणि तो कोणालाही फोनवर सांगू नका.

४) दोन सिमचा फोन असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. शेतात कोणाची रेंज येते ते स्वतः फिरून बघा, दुसऱ्याच्या सांगण्यावरून सिम घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात, तेही पाहा.

५) तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, त्यानंतर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर. क्रमांक नसलेली तक्रार म्हणजे पावती नसलेला माल.

रेंजचा पंचनामा असा करावा

आता मुख्य मुद्दा. गावाने एक रेंज नोंदवही घालावी. काम अवघड नाही. ग्रामपंचायत अधिकारी, महसूल अधिकारी, कृषी सहायक, पोलीस पाटील आणि दोन जाणती पोरे यांनी एक दिवस शिवारात फिरावे. शिवाराचे दहा-पंधरा ठिकाणी ठोकळ भाग पाडावेत: गावठाण, मळा, माळ, ओढ्याकाठ, डोंगरपायथा, वाडी. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक कंपनीचा एकेक फोन घेऊन तीन गोष्टी लिहाव्यात: फोन लागतो का, नेट चालते का, आणि फोनच्या सेटिंगमधला सिग्नलचा आकडा किती. हा आकडा वजा चिन्हाने येतो. फोर-जीवर वजा ९० च्या आसपास असला तर चांगला, वजा ११० च्याही खाली गेला तर काम होणे कठीण. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेगही मोजता येतो. गट नंबर, तारीख, वेळ, सह्या. झाला पंचनामा. हाच पुन्हा भर पावसाळ्यात एकदा करावा, कारण तेव्हा पीक उभे असते आणि मुदतीही तेव्हाच असतात.

हा कागद ग्रामसभेत मंजूर करून तहसील कार्यालय, पंचायत समिती, तालुका कृषी कार्यालय आणि मोबाईल कंपन्या यांना पोच घेऊन द्यावा. "आमच्याकडे रेंज नाय" या बोलण्याला कार्यालयात वजन नसते. "गट नंबर इतके ते इतके, चारही कंपन्यांची रेंज शून्य" या कागदाला असते. कंपनीचा नकाशा गाव हिरवे दाखवत असेल आणि आपली वही लाल, तर मग बोलायला जागा राहते.

कार्यालयांनीही, यात माझेही खाते आले, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जिथे असा पंचनामा झाला आहे, त्या गटांसाठी कागदावर अर्ज घेण्याची आणि प्रत्यक्ष पाहणीची सोय हंगामाच्या सुरुवातीपासून चालू असावी. मुदत संपल्यावर, मोर्चा आल्यावर, खास बाब म्हणून ती द्यायची वेळ येऊ नये. वादळाने टॉवर बंद पडला तर जितके दिवस तो बंद, तितके दिवस मुदत आपोआप पुढे जावी. कोर्टाला सुट्टी असली तर दाव्याची मुदत पुढच्या कामाच्या दिवशी जाते, मग बंद टॉवरला तोच न्याय का नको? ॲप तयार करणाऱ्यांनीही ते पुण्या-मुंबईच्या कचेरीत न तपासता ओढ्याकाठच्या उसात उभे राहून एकदा तपासावे, एवढी माफक विनंती.

यावर कोणी म्हणेल की असे केल्याने लोक रेंजचे निमित्त सांगून खोट्या नोंदी करतील. करतीलही काही जण. पण पंचनामा सर्वांसमक्ष ग्रामसभेत झाला, तर खोटेपणाला आळा शेजारीच घालतो. आणि थोड्यांच्या लबाडीसाठी टेलच्या सगळ्या शेतकऱ्यांना पाणी तोडायचे, हा काही न्याय झाला नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाणी टेलला पोचावे म्हणून आपण पाणी वापर संस्था काढल्या, वीज यावी म्हणून आकडे सोडून मीटर घेतले, रस्ता व्हावा म्हणून बांध सोडले. रेंज ही त्याच रांगेतली गोष्ट झाली आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "गावातील मोबाईल रेंजचा पंचनामा" हा विषय घालण्यास सांगा. तारीख ठरवा आणि आपल्या कृषी सहायकाला बोलवा. तो आला नाही तर तेही नोंदवहीत लिहा.